वडीलधाऱ्यांसाठी घर सोयीचे करताना: गोव्यातल्या कुटुंबांसाठी कामाचा आणि आयकराचा क्रम

न्हाणीत धरायला दांडे बसवले, दारात उतरण (रॅम्प) केली, जुना संडास काढून कमोड बसवला, तर त्या खर्चावर आयकरात सूट मिळते का? परदेशात नातेवाईक असलेल्या घरांत हा प्रश्न हमखास निघतो, कारण तिकडे अशी सवलत असल्याचे कानावर आलेले असते. कॅनडात ती खरोखरच आहे. ६५ वर्षांवरील किंवा अपंगत्वाची नोंद असलेल्या माणसासाठी घरात केलेल्या बदलांचा वर्षाला २०,००० डॉलरपर्यंतचा खर्च तिथे करसवलतीसाठी धरतात. भारतात घराच्या अशा बदलांसाठी वेगळे कलम नाही.

तरीही काही पैसे वाचतात, पण एका वाटेने नव्हे. थोडे अपंगत्वाच्या वजावटीतून, थोडे दुरुस्तीच्या कर्जाच्या व्याजातून, थोडे वस्तूंवरच्या कमी जीएसटीतून, आणि काही वर्षांनी घर विकायची वेळ आलीच तर तेव्हाच्या भांडवली नफ्यातून. यातली प्रत्येक गोष्ट कागदांवर अवलंबून आहे, आणि बहुतेक कागद कामाआधी किंवा काम चालू असतानाच हाती यावे लागतात. म्हणून पुढचा क्रम तसा लावला आहे. पहिल्यांदाच या कामात पडणाऱ्यांनी तो शक्यतो मोडू नये.

पहिली पायरी: प्रमाणपत्राचा अर्ज आजच करा

आयकरासाठी म्हातारपण वेगळे आणि अपंगत्व वेगळे. आई ८२ वर्षांची आहे, गुडघे धरले आहेत, उंबरठा ओलांडताना कुणाचा तरी हात लागतो, एवढ्याने अपंगत्वाची वजावट मिळत नाही. किमान ४० टक्के अपंगत्व असल्याचे अधिकृत वैद्यकीय प्रमाणपत्र लागते. ४० ते ८० टक्क्यांच्या आत असेल तर वजावट ७५,००० रुपयांची, ८० टक्के किंवा त्याहून जास्त असेल तर १,२५,००० रुपयांची. करदाता स्वतः दिव्यांग असेल तर ही वजावट कलम ८०-यूखाली मिळते. घरातले कुणी त्याच्यावर अवलंबून असेल, म्हणजे पती किंवा पत्नी, मुले, आईवडील, भावंडे यांपैकी, तर कलम ८०-डीडीखाली.

अर्ज स्वावलंबन कार्ड पोर्टलवर होतो, आणि प्रमाणपत्रासोबत यूडीआयडी नावाचे दिव्यांगांचे ओळखपत्र मिळते. फोटो, आधार, पत्त्याचा पुरावा लागतो आणि तपासणीसाठी इस्पितळ निवडावे लागते. उत्तरेकडच्यांना म्हापशाचे जिल्हा इस्पितळ सोयीचे, दक्षिणेकडच्यांना मडगावचे. बांबोळीला गोमेकॉ (गोवा मेडिकल कॉलेज) आहेच, आणि मनोविकारांसाठी तिथलीच मानसोपचार संस्था. तपासणीला जाताना जुना डिस्चार्ज कागद, एमआरआय, डोळ्यांचे आणि कानांचे रिपोर्ट, चालू औषधांची चिठ्ठी, सगळे एका फायलीत लावून न्या. पक्षाघातानंतर लुळा पडलेला हात-पाय, अल्पदृष्टी, फारच कमी झालेले ऐकू येणे ही उतारवयात दिसणारी अपंगत्वे मोजणीत येतात. कार्डाच्या रंगावरूनही टक्केवारी कळते: ४० टक्क्यांखाली पांढरे, ४० ते ८०च्या आत पिवळे, ८० आणि पुढे निळे. आयकराला पिवळे आणि निळे उपयोगी. प्रमाणपत्रावर पुनर्तपासणीची तारीख लिहिलेली असेल तर ती कॅलेंडरवर टिपून ठेवा, कारण मुदत संपल्यावर पुढच्या वर्षांसाठी नवे प्रमाणपत्र लागते. ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी आणि बहुविध अपंगत्व असेल तर १०-आयए नावाचा फॉर्मही लागतो.

अडचण बहुतेक वेळा कागदाची नसते. वडीलधाऱ्यांना तो शिक्का नको असतो. जन्मभर स्वतःच्या पायांवर उभ्या राहिलेल्या माणसाला "तुम्ही साठ टक्के अपंग" असे लेखी मिळणे जिव्हारी लागते, आणि त्यात गैर काही नाही. मला वाटते, अशा वेळी कराचा विषय काढूच नये. कार्डावर मिळणारी साधने, रेल्वेचे सवलतीचे तिकीट, इस्पितळात लागणारी मदत यांबद्दल बोलावे, आणि तपासणीला घरातले त्यांच्या सर्वांत जवळचे माणूस सोबत जावे. तरीही ते नको म्हणाले तर तो विषय तिथेच थांबवावा. वजावटीपेक्षा त्यांचा मान मोठा आहे.

प्रमाणपत्र मिळण्यासारखी स्थिती नसेल तरी दोन वाटा उरतात. पालक ६० वर्षांवरचे असतील आणि त्यांचा आरोग्य विमा नसेल, तर त्यांच्या औषधोपचाराच्या खर्चावर कलम ८०-डीखाली ५०,००० रुपयांपर्यंत वजावट मिळते. विमा असेल तर हप्त्यावर तेवढीच. मात्र पैसे रोखीने दिलेले चालत नाहीत. डिमेन्शिया, पार्किन्सन, कर्करोग, मूत्रपिंडाचा जुना विकार अशा ठरावीक आजारांवरच्या खर्चासाठी कलम ८०-डीडीबी आहे. ज्येष्ठ नागरिकांसाठी त्याची मर्यादा १,००,००० रुपये. त्याला त्या आजाराच्या तज्ज्ञ डॉक्टरची चिठ्ठी लागते, आणि मज्जासंस्थेचे आजार असतील तर त्यातही ४० टक्क्यांची अट आहे.

दुसरी पायरी: तुम्ही जुन्या करपद्धतीत आहात की नव्या?

वर लिहिलेल्या सगळ्या वजावटी फक्त जुन्या करपद्धतीत मिळतात. आर्थिक वर्ष २०२३-२४ पासून नवी पद्धत आपोआप लागू होते, जुनी हवी असेल तर ती मागून घ्यावी लागते. नव्या पद्धतीत २०२५-२६ या वर्षी १२ लाखांपर्यंतच्या करपात्र उत्पन्नावर रिबेटमुळे, म्हणजे करमाफीमुळे, नेहमीच्या उत्पन्नाला कर लागत नाही. नोकरदार आणि निवृत्तिवेतनधारकांना ७५,००० रुपयांची प्रमाणित वजावट मिळत असल्याने त्यांची रेषा पावणेतेरा लाखांवर जाते. म्हणजे त्याखाली उत्पन्न असलेल्या करदात्याला अपंगत्वाच्या वजावटीची गरजच पडत नाही. गोव्यातल्या बऱ्याच नोकरदार कुटुंबांना एवढे कळले की पुढची अर्धी धावपळ वाचते.

त्यापेक्षा जास्त उत्पन्न असेल तर कागदावर हिशेब मांडा. समजा पणजीत नोकरी करणारी एक अविवाहित मुलगी आहे, पगार वर्षाला १४ लाख. आई पक्षाघातामुळे ८० टक्के अपंग, तिच्यावरच अवलंबून. नव्या पद्धतीत ७५,००० वजा जाऊन १३,२५,००० रुपयांवर कर बसतो: ७८,७५० आणि ४ टक्के उपकर, एकूण ८१,९००. जुन्या पद्धतीत प्रमाणित वजावट ५०,०००, कलम ८०-सीचे (पीएफ, आयुर्विमा अशा बचतीचे) १,५०,०००, आईसाठी ८०-डीडीचे १,२५,०००, आरोग्य विम्याचे आईसाठी ५०,००० आणि स्वतःसाठी २५,००० असे चार लाख वजा करूनही १० लाख उरतात. त्यावर उपकरासह कर १,१७,०००. नवी पद्धत पस्तीस हजारांनी स्वस्त. याच मुलीने घर घेताना कर्ज काढलेले असेल आणि त्याच्या व्याजाचे पूर्ण दोन लाख वजा होत असतील, तर जुन्या पद्धतीत करपात्र उत्पन्न ८ लाखांवर येते आणि कर ७५,४००. आता जुनी पद्धत साडेसहा हजारांनी स्वस्त.

फरक एवढा बारीक असतो. म्हणून "अपंगत्वाची सूट आहे, जुन्या पद्धतीतच राहा" असा सरसकट सल्ला कुणी दिला तर आधी आपले आकडे मांडून बघा.

दिव्यांग व्यक्तीचे स्वतःचे उत्पन्न असेल, म्हणजे निवृत्तिवेतन किंवा भाडे, तर ८०-यू त्या व्यक्तीने घ्यायचे की ८०-डीडी मुलाने, हे घरात बसून ठरवा. दोन्ही मिळत नाहीत. चांगले निवृत्तिवेतन घेणारे वडील "अवलंबून" ठरतही नाहीत. आणि आखातात किंवा इंग्लंडात नोकरी करणारा, कराच्या दृष्टीने अनिवासी असलेला मुलगा ८०-डीडी घेऊ शकत नाही, ती वजावट फक्त निवासी करदात्याला आहे. आईवडिलांच्या विम्याच्या हप्त्यावरची ८०-डी मात्र त्यालाही मिळते, भारतात करपात्र उत्पन्न असेल तर.

तिसरी पायरी: घर कुणाच्या नावावर आहे?

घराच्या दुरुस्तीसाठी किंवा नूतनीकरणासाठी कर्ज काढले तर त्याच्या व्याजावर कलम २४(बी)खाली वर्षाला ३०,००० रुपयांपर्यंत वजावट मिळते, स्वतः राहत असलेल्या घरासाठी, तीही जुन्याच पद्धतीत. नवे बांधण्याची किंवा विकत घेण्याची दोन लाखांची मर्यादा याला लागत नाही, हे ३०,००० त्या दोन लाखांच्या आतच मोजतात. कर्ज बँकेचेच हवे असे नाही. पतसंस्थेचे चालते, नातेवाइकाचेही चालते, पण व्याज किती दिले याचा दाखला हवा.

गोव्यात खरी अडचण नावाची. एक-चौदाच्या (जमिनीच्या) उताऱ्यावर अजून आजोबांचे नाव, घरपट्टी काकांच्या नावाने, वीजबिल तिसऱ्याच्या, असे घर गावोगाव सापडेल. कर्ज मुलाने काढले आणि घर त्याच्या मालकीचे कागदोपत्री दिसत नसेल तर व्याजाची वजावट टिकत नाही, आणि बँकही कर्ज देताना अडते. वारसा दाखल करायचा राहिला असेल तर या निमित्ताने ते काम हाती घ्या. गोव्यात ते खास नोटरीसमोर वारसपत्र करून किंवा कोर्टात इन्व्हेंटरीचा (वारसांतल्या वाटणीचा) दावा लावून होते, २०१२च्या गोवा वारसा कायद्याप्रमाणे. वेळ लागेल. न्हाणीचे काम मात्र तोवर थांबवू नका. आज पडून मांडीचे हाड मोडले तर तीस हजारांच्या वजावटीची कुणाला आठवणही राहणार नाही.

दारात उतरण बांधायची, भिंत फोडून दार रुंद करायचे, मागे नवी न्हाणी काढायची असेल तर पंचायतीत किंवा पालिकेत आधी विचारा आणि अर्जाची पोच जपून ठेवा. उतरणीचे टोक रस्त्यावर किंवा शेजाऱ्याच्या हद्दीत जाता कामा नये. फ्लॅट असेल तर जिना, लिफ्ट, पार्किंगजवळचा चढ या सामाईक जागा आहेत. सोसायटीला लेखी अर्ज द्या, सोबत प्रमाणपत्राची प्रत लावा आणि दिव्यांगजन हक्क कायदा २०१६चा उल्लेख करा. तोंडी बोलणे मीटिंगमध्ये विरून जाते.

चौथी पायरी: काम

आधी घरातल्या ज्या माणसासाठी हे करायचे, त्याच्यासोबत दिवसभराची वाट चाला. सकाळी उठल्यापासून रात्री निजेपर्यंत तो कुठे कुठे जातो, कुठे भिंतीला हात टेकतो, कुठे थांबतो. भिंतीवर जिथे हाताचे मळकट डाग आहेत, तिथे दांडा हवा आहे. कंत्राटदाराने आणलेली यादी नंतर बघा.

न्हाणीपासून सुरुवात करा. जुन्या गोंयकार घरात न्हाणी मागच्या बाजूला, स्वयंपाकघरापलीकडे, दोन पायऱ्या उतरून. कडेला भाण (पाणी तापवायचे मोठे भांडे), खाली चिऱ्याची (जांभ्या दगडाची) किंवा गुळगुळीत सिमेंटची जमीन, पाणी अडवायला चार बोटे उंच कट्टा. म्हाताऱ्या पायांना यातले सगळेच धोक्याचे. जमले तर निजायच्या खोलीला लागूनच नवी न्हाणी करा. नाही जमले तर निदान कट्टा काढून जमिनीला निचऱ्यापुरता उतार द्या आणि खरबरीत टाइल लावा. गरम पाण्याची व्यवस्था वाकावे न लागेल अशी हवी, कारण भाणातून तांब्याने पाणी काढताना तोल जातो. बसून आंघोळ करायला पाठ असलेले, पायांना रबर असलेले स्टूल आणि हातात धरायचा शॉवर, एवढ्यानेही फार फरक पडतो.

कमोडची बैठक जमिनीपासून ४५ ते ४८ सेंटिमीटर असावी. बाजारातले बरेच कमोड याहून बुटके असतात, तेव्हा विकत घेण्याआधी टेप लावून मोजा. दोन्ही बाजूंना दांडे, त्यातला मोकळ्या बाजूचा वर उचलता येणारा. दार बाहेरच्या बाजूला उघडणारे किंवा सरकते करा. आत उघडणाऱ्या दारामागे माणूस पडला तर दार उघडत नाही आणि मदत बाहेर उभी राहते. कडी अशी हवी की बाहेरूनही उघडता येईल. चाकाची खुर्ची असेल तर दाराची मोकळी रुंदी ९० सेंटिमीटर आणि आत खुर्ची वळायला दीड मीटर व्यासाची जागा लागते. केंद्र सरकारच्या २०२१च्या सुगम्यता मार्गदर्शक तत्त्वांत ही मापे आहेत. ती कागदावर उतरवून मेस्त्रीच्या हातात द्या.

दांडे बसवताना चिऱ्याची भिंत आहे हे विसरू नका. चिरा सच्छिद्र आणि मऊ, त्यात साधा प्लॅस्टिकचा प्लग ठोकला तर पहिले काही महिने घट्ट वाटतो आणि मग एखाद्या दिवशी पूर्ण वजन पडल्यावर निघून येतो. त्या जागी चिऱ्याचा तुकडा काढून काँक्रीट भरून घ्या, किंवा भिंतीच्या आरपार बोल्ट टाकून पलीकडे लोखंडी पट्टी लावा. काम झाल्यावर घरातल्या सर्वांत वजनदार माणसाने दांड्याला लोंबकळून पाहावे, मग पैसे द्यावेत. समुद्राजवळ राहत असाल तर साधी जस्ताची पाइप दोन पावसाळ्यांत गंज धरते. ३१६ दर्जाचे स्टेनलेस स्टील महाग पडते, पण खाऱ्या हवेत तेच टिकते. टॉवेल अडकवायचा दांडा हा आधाराचा दांडा नव्हे, हेही मेस्त्रीला स्पष्ट सांगा.

दुसरे काम रात्रीच्या वाटेचे. पलंगापासून संडासापर्यंत जमिनीलगत मंद दिवा, पलंगावरून हात पोचेल असे बटण, वाटेत पायपुसणे नाही, सुटी वायर नाही. पावसात वीज जाते, म्हणून बॅटरीवर आपोआप लागणारा एक दिवा हवाच. जून लागला की हवेतल्या ओलाव्याने जुन्या लादीवर पाणी सुटते. तेवढे महिने पायात रबरी तळाची, मागे पट्टा असलेली चप्पल घरातही घालावी. खोल्यांमधले उंबरठे काढवत नसतील, आणि बऱ्याच घरांत देवघराचा किंवा मुख्य दाराचा उंबरठा काढणे मनाला पटत नाही, तर दोन्ही बाजूंना लाकडाचा हलका उतार बसवा आणि त्याला वेगळा रंग द्या, म्हणजे अंधूक दिसणाऱ्यालाही कळेल.

तिसरे, बाहेर जाण्याची वाट. आपल्याकडची जोती पावसामुळे उंच. उतरणीचे प्रमाण १ ला १२, म्हणजे प्रत्येक इंच उंचीला एक फूट लांबी. जोते दोन फूट असेल तर उतरण २४ फूट, तीन फूट असेल तर ३६ फूट, शिवाय वर आणि वळणावर दीड मीटरची सपाट जागा. एवढे अंगण प्रत्येकाकडे नसते. म्हणून मेस्त्री आठ-दहा फुटांत उभी उतरण करून देतो. त्यावरून चाकाची खुर्ची वर नेणाऱ्याचा जीव जातो आणि खाली आणताना ती हातातून सुटते. अशी उतरण केल्यापेक्षा न केलेली बरी. आधी मागचे किंवा बाजूचे दार तपासा. उतारावरच्या जमिनीत बांधलेल्या घराची एक बाजू बहुधा जमिनीच्या जवळ असते.

माणूस अजून चालत असेल, काठी किंवा वॉकर घेऊन, तर उतरण हवीच असे नाही. दुखऱ्या गुडघ्यांना उतारापेक्षा १५ सेंटिमीटरच्या बुटक्या, ऐसपैस पायऱ्या आणि दोन्ही बाजूंना कठडा बरा पडतो. फिजिओथेरपिस्टला एकदा घरी बोलावून जागेवरच विचारून घ्या. त्याची फी उतरण फोडून परत बांधण्यापेक्षा कितीतरी कमी.

पृष्ठभाग खरबरीत हवा. ओल्या सिमेंटवर खराटा ओढून घेतला की काम भागते. पॉलिश केलेला ग्रॅनाइट किंवा चकचकीत टाइल उतरणीवर कधीच नको. चिऱ्यावर श्रावणात शेवाळ धरते, तेव्हा उतरण आणि अंगणातली वाट दर पावसाळ्यात घासून काढावी लागणार हे धरूनच चला. कडेला चार बोटांची कड उभारा, चाक घसरून बाहेर जाऊ नये म्हणून.

आणि ही वाट फक्त गेटपर्यंत नेऊ नका. सोप्यावर बसून वाटेने जाणाऱ्याशी दोन शब्द बोलणे, संध्याकाळी तुळशीपुढे दिवा लावणे, हेच कित्येक वृद्धांचे जग असते. तुळशी वृंदावनापर्यंत चार फूट रुंदीची सपाट वाट आणि तिथे धरायला एक खांब, याला खर्च फारसा येत नाही. घर सोयीचे करायचे म्हणजे माणसाला न्हाणीपर्यंत पोचवायचे आणि तिथेच सोडायचे, असे होऊ नये.

कामाचा मोसम चवथ (गणेश चतुर्थी) झाल्यावरचा, ऑक्टोबर ते मे. चवथीला सगळे घरी येणार म्हणून भर पावसात न्हाणी फोडू नका. वॉटरप्रूफिंग वाळत नाही आणि घरात पाहुणे असताना म्हाताऱ्या माणसाला न्हाणीच उरत नाही. काम चालू असताना ती व्यक्ती आंघोळीला कुठे जाणार, हे ठरवल्याशिवाय पहिला हातोडा मारू देऊ नका.

पाचवी पायरी: खरेदी आणि बिले

चाकाची खुर्ची, कुबड्या, वॉकर अशा साधनांवर जीएसटी ५ टक्के आहे, श्रवणयंत्रांवर शून्य. बिलावर दर तपासा.

खरेदीआधी फुकट काय मिळते ते बघा. केंद्राच्या एडिप योजनेत दिव्यांगांना साधने मिळतात आणि राष्ट्रीय वयोश्री योजनेत कमी उत्पन्नाच्या ज्येष्ठांना. दोन्हींना उत्पन्नाची मर्यादा आहे. दरमहा मदतीसाठी राज्याची दयानंद सामाजिक सुरक्षा योजना आहे. चौकशी राज्याच्या दिव्यांगजन सक्षमीकरण खात्यात आणि समाजकल्याण खात्यात करा. २०२३ पासून पणजीत भरणाऱ्या पर्पल फेस्ट या दिव्यांगांच्या महोत्सवालाही जाऊन या. रोज चाकाची खुर्ची वापरणारी माणसे तिथे भेटतात, आणि कोणती खुर्ची आपल्या रस्त्यांवर चालते ते त्यांच्याइतके नेमके दुकानदार सांगत नाही.

प्रत्येक बिल घरमालकाच्या नावाने घ्या आणि पैसे बँकेतून द्या. गावातल्या गवंड्याकडे जीएसटी क्रमांक नसतो. त्याच्याकडून नाव, पत्ता, कामाचे वर्णन, रक्कम आणि सही असलेली पावती घ्या. ही बिले या वर्षीच्या रिटर्नमध्ये बहुधा कुठेच लागत नाहीत. ८०-डीडीची रक्कम ठरावीक आहे, प्रत्यक्ष खर्चावर मोजलेली नाही, आणि कलमात उपचार, शुश्रूषा, प्रशिक्षण, पुनर्वसन यांचा खर्च म्हटले आहे. उतरण त्यात बसते असे धरून चालू नका. फिजिओथेरपी आणि घरी येणारी नर्स नक्की बसते, त्यांच्या पावत्या वेगळ्या ठेवा. बांधकामाची बिले पुढे उपयोगी पडतात. घर विकले तर नवी न्हाणी, पक्की उतरण, लिफ्ट असा भांडवली खर्च सुधारणेचा खर्च म्हणून नफ्यातून वजा होतो. रंगकाम आणि किरकोळ डागडुजी होत नाही. १ एप्रिल २००१ पूर्वीचा सुधारणेचा खर्चही धरत नाहीत. बिलांचे मोबाइलवर फोटो काढून ठेवा, कारण थर्मल कागदावरची शाई एका पावसाळ्यात उडते.

सहावी पायरी: रिटर्न भरताना

गोव्यात लग्न झालेल्या जोडप्यांनी इथे थांबावे. पोर्तुगीज नागरी संहितेप्रमाणे ज्या पतिपत्नींची मालमत्ता सामाईक आहे, त्यांना आयकराचे कलम ५ए लागू होते. पगार आणि निवृत्तिवेतन ज्याचे त्याचे राहते. घरभाडे, व्याज, धंद्याचा नफा, भांडवली नफा मात्र दोघांत निम्मा-निम्मा वाटला जातो, खाते किंवा घर एकाच्याच नावावर असले तरी. वेगळा विवाहपूर्व करार केलेला नसेल तर गोंयकार जोडप्याला बहुधा हेच लागू. म्हणून वडिलांच्या ठेवींचे सगळे व्याज त्यांच्या एकट्याच्या रिटर्नमध्ये दाखवणे चूक ठरते. निम्मे आईच्या रिटर्नमध्ये यायला हवे, आणि त्यावर कापलेला टीडीएसही त्याच प्रमाणात. त्यासाठी आयटीआर-२ किंवा ३ मध्ये शेड्यूल ५ए असते. दोघेही ज्येष्ठ असतील तर या विभागणीने बऱ्याचदा दोघांचाही कर शून्यावर येतो, आणि तेवढा फायदा अपंगत्वाच्या वजावटीनेही होत नाही. गोव्याबाहेरच्या करसल्लागाराला हे कलम आठवेलच असे नाही, तुम्ही आठवण करून द्या.

८०-डीडी घेताना रिटर्नमध्ये अपंगत्वाचा प्रकार, नाते, अवलंबित व्यक्तीचा पॅन किंवा आधार, यूडीआयडी क्रमांक आणि लागत असेल तर १०-आयएचा पोचक्रमांक भरायचा असतो. मूळ कागद जोडायचे नसतात, पण नोटीस आली तर दाखवावे लागतात.

जुनी करपद्धत हवी असेल तर रिटर्न मुदतीत गेलेच पाहिजे. उशिरा भरले तर नवीच पद्धत लागते आणि सगळ्या वजावटी जातात. पगारदाराला रिटर्नमध्येच पर्याय निवडता येतो, धंदा किंवा व्यवसायाचे उत्पन्न असेल तर त्याआधी १०-आयईए फॉर्म भरावा लागतो. अंध, मूकबधिर किंवा पायांनी अपंग असलेल्या कर्मचाऱ्याला कंपनीकडून मिळणारा प्रवासभत्ता आर्थिक वर्ष २०२५-२६ साठी महिन्याला ३,२०० रुपयांपर्यंत करमुक्त आहे, तो नव्या पद्धतीतही. ७५ वर्षांवरच्या, फक्त निवृत्तिवेतन आणि त्याच बँकेचे व्याज असलेल्या ज्येष्ठांना ठरावीक बँकांत घोषणापत्र देऊन रिटर्न भरण्यातून सूट मिळते. पण कलम ५एची विभागणी करून परतावा मागायचा असेल तर रिटर्न भरावेच लागते.

आयकर कायदा २०२५ हा १ एप्रिल २०२६ पासून लागू आहे आणि त्यात कलमांचे क्रमांक बदलले आहेत. आर्थिक वर्ष २०२५-२६चे रिटर्न अजून जुन्या १९६१च्या कायद्याप्रमाणेच आहे, म्हणून इथे ८०-डीडी, ८०-यू, ५ए हेच क्रमांक वापरले. त्यापुढच्या वर्षाचे रिटर्न भरताना सल्लागाराशी बोलताना क्रमांकाऐवजी विषय सांगा: "अवलंबित दिव्यांगाची वजावट", "दुरुस्तीच्या कर्जाचे व्याज", "गोव्यातल्या पतिपत्नींची विभागणी".